अनुकथा आणि नामबदलाची कसोटी

१

एखाद्या कथेतील पात्रे, स्थळे व प्रसंग घेऊन तिच्या वाचकांनीच नव्या कथा लिहाव्या, त्या आपल्यासारख्याच वाचकांच्या हाती द्याव्या आणि त्यांच्या अभिप्रायांच्या आधारे पुढचे लेखन करावे, या व्यवहाराला इंग्रजीत 'फॅन फिक्शन' हे नाव रूढ आहे. या निबंधात अशा लेखनाला 'अनुकथा' आणि ज्या कृतीवरून ते निघते तिला 'मूळकथा' असे म्हटले आहे. मूळकथा छापील असेल, चित्रपट असेल वा दूरचित्रवाणीवरील मालिका असेल. अनुकथा मात्र शब्दांतच असते, आणि बहुधा ती मोबदल्यावाचून लिहिली जाते व मोबदल्यावाचूनच वाचली जाते.

या लेखनाविषयी सामान्यतः दोन मते ऐकू येतात. पहिले मत असे की, अनुकथा ही बांडगुळासारखी दुसऱ्याच्या खोडावर वाढते. मूळकथा ज्याने वाचली नाही त्याला तिच्यातून काहीच लाभत नाही. म्हणून तिला साहित्य म्हणता येणार नाही. दुसरे मत याच्या अगदी उलट असल्यासारखे भासते. आपल्याकडे मुक्तेश्वराने महाभारत आपल्या परीने सांगितले, मोरोपंतांनी रामायणच अनेक परींनी रचले. तेव्हा अनुकथा ही आपल्याला नवीन नाही, नुसते नाव तेवढे नवे आहे, असे हे मत सांगते.

ही दोन्ही मते परस्परविरुद्ध दिसली तरी त्यांची रीत एकच आहे. दोन्ही मते अनुकथेचे कुळ तपासतात; एक तिला हीनकुलीन ठरविते आणि दुसरे तिला मोठ्या घरची वंशावळ जोडून देते. अनुकथा प्रत्यक्ष वाचली कशी जाते, तिच्यातील वाक्यांना अर्थ कोठून प्राप्त होतो, याचा विचार दोहोंतही नाही. तो विचार भाषेच्या अंगाने केल्यास अनुकथेचे स्वरूप अधिक स्पष्ट होईल, आणि तिच्या निमित्ताने साहित्यकृतीच्या स्वयंपूर्णतेविषयी मराठी समीक्षेने बाळगलेल्या एका समजुतीचीही फेरतपासणी होईल.

२

साहित्यकृतीचा विचार तिच्या अंतर्गत रचनेवरूनच झाला पाहिजे, हा आग्रह मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथापासून मराठी समीक्षेत दृढ झाला. त्या आग्रहाने समीक्षेचे मोठे हित केले, यात संशय नाही. लेखकाचे चरित्र, त्याची नीती, त्याचा पक्ष यांच्या गर्दीतून कृतीला मोकळे करण्याचे श्रेय त्याला आहे. परंतु 'कृतीचा विचार कृतीवरून करावा' या नियमाचे हळूहळू 'कृती समजण्यास कृतीबाहेरचे काही लागू नये' अशा अपेक्षेत रूपांतर झाले. पहिला नियम परीक्षणाची शिस्त आहे. दुसरी अपेक्षा भाषेच्या स्वभावाला धरून नाही.

कोणत्याही वाक्यात श्रोत्याला आधीच ठाऊक असलेला एक अंश आणि त्याला नव्याने सांगितला जाणारा दुसरा अंश असतो. विलेम मातेझिउस या प्राग येथील भाषाशास्त्रज्ञाने या भेदाची चिकित्सा केली, आणि पुढे तो वाक्यविचारात सर्वमान्य झाला. मराठी कहाणीची पहिली दोन वाक्ये पाहिली तरी तो ध्यानी येतो. 'एक होता राजा' या वाक्यात राजा नवा असतो. 'त्या राजाला दोन राण्या होत्या' या वाक्यात तोच राजा ज्ञात झालेला असतो. 'एक' आणि 'त्या' ही दोन लहान पदे श्रोत्याच्या ज्ञानाचा हिशेब ठेवतात. मूळकथेच्या लेखकाला प्रत्येक पात्र 'एक' पासून आरंभून 'त्या'पर्यंत आणावे लागते. वर्णन, संवाद, प्रसंग या सर्वांचा बराच व्यय त्यासाठी होतो. अनुकथेचा लेखक मात्र आरंभापासूनच 'त्या राजा'विषयी बोलू शकतो.

हा भेद वरवरचा नाही. अनुकथेत कोणते रचनाप्रकार शक्य होतात, हे त्यावर अवलंबून आहे. इंग्रजी अनुकथांत 'ड्रॅबल' या नावाचा एक प्रकार आहे. १९८० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील विज्ञानकथांच्या चाहत्यांनी तो रूढ केला. त्याचा नियम एवढाच की कथा नेमकी १०० शब्दांची असावी. एक शब्द कमी नको, एक अधिक नको. एवढ्या अवकाशात नव्या पात्राची ओळख करून देऊन, त्याला संकटात घालून, त्याचा अंतःकरणधर्म प्रकट करणे जवळजवळ अशक्य आहे. परंतु पात्र ज्ञात असेल तर शंभर शब्दांत त्याचा एकच हावभाव, एकच न उच्चारलेला शब्द पुरेसा होतो. मूळकथा न वाचलेल्या माणसाला अशी कथा कळत नाही, हे खरे; पण त्यावरून ती सदोष ठरत नाही. कुटुंबातील दोन माणसांचे अर्धवट वाक्यांतील बोलणे परक्याला कळत नाही म्हणून ते बोलणे सदोष ठरत नाही, तसेच हे आहे.

३

अनुकथेचा लेखक ज्ञाताचा आधार घेतो याचा अर्थ तो ज्ञाताची पुनरुक्ती करतो असा नव्हे. तो बहुधा मूळकथेतील न्यून, विसंगती किंवा मौन शोधीत असतो. याचे एक जुने व सुविदित उदाहरण शेरलॉक होम्सच्या कथांचे आहे. आर्थर कॉनन डॉइल याने १८८७ ते १९२७ या ४० वर्षांत होम्सवर ४ कादंबऱ्या आणि ५६ लघुकथा लिहिल्या. एवढ्या दीर्घ लेखनात त्याच्याकडून काही तपशील परस्परविरुद्ध लिहिले गेले. 'अ स्टडी इन स्कार्लेट' (१८८७) मध्ये डॉ. वॉटसन याला अफगाण युद्धात खांद्याला गोळी लागली असे आहे. 'द साइन ऑफ फोर' (१८९०) मध्ये जखम पायाला आहे. वॉटसनचे नाव जॉन एच. वॉटसन असे दिलेले असताना 'द मॅन विथ द ट्विस्टेड लिप' (१८९१) या कथेत त्याची पत्नी त्याला जेम्स म्हणते.

सामान्य वाचक याला लेखकाचे अनवधान म्हणेल व पुढे जाईल. होम्सच्या निष्ठावंत वाचकांनी मात्र निराळाच संकेत मानला: कथेतील जग खरे आहे असे धरून विसंगतीची उपपत्ती त्या जगातूनच लावावयाची. रोनाल्ड नॉक्स याने १९११ मध्ये ऑक्सफर्ड येथे वाचलेल्या निबंधापासून या खेळाला पांडित्याची पद्धती प्राप्त झाली. डॉरथी सेयर्स या लेखिकेने जेम्सच्या कोड्याची जी उकल सुचविली ती भाषाभ्यासकाला विशेष रंजक वाटेल. तिच्या मते 'एच.' या आद्याक्षराचे पूर्ण रूप 'हेमिश' असावे. हेमिश हे स्कॉटलंडातील नाव गेलिक भाषेतील 'शेमस' या नावाच्या संबोधनरूपावरून इंग्रजीत आलेले आहे, आणि शेमस म्हणजेच इंग्रजीतील जेम्स. तेव्हा पत्नीने लाडाने नवऱ्याच्या मधल्या नावाचे इंग्रजी रूप वापरले, असे हे समाधान. तिचा हा लेख १९४६ मधील तिच्या निबंधसंग्रहात समाविष्ट आहे.

डॉइलच्या मनात असे काही असल्याचे दिसत नाही. तरीही सेयर्सची उपपत्ती वाचकांनी स्वीकारली, ती पुढच्या लेखनात गृहीत धरली जाऊ लागली, आणि अखेर बीबीसीच्या 'शेरलॉक' या मालिकेत २०१२ साली प्रसारित झालेल्या एका भागात वॉटसनच आपले मधले नाव हेमिश असल्याचे सांगतो. त्याच मालिकेच्या २०१० मधील पहिल्या भागात जखमेचाही निकाल लागला होता: गोळी खांद्याला लागलेली, पायाचे लंगडणे मनोजन्य. एका लेखकाच्या विस्मरणातून वाचकांची कल्पना निघाली आणि ती कल्पना पुढच्या कलाकृतीत वस्तुस्थिती होऊन बसली. चाहत्यांच्या बोलीत मूळकथेतील मान्य वस्तूला 'कॅनन' आणि वाचकांच्या सर्वसंमतीने रूढ झालेल्या अशा कल्पनेला 'फॅनन' म्हणतात. शब्दार्थाच्या इतिहासात रूढीने आलेला अर्थ व्युत्पत्तीने आलेल्या अर्थाच्या शेजारी येऊन बसतो, त्याच्याशी हे साम्य उघड आहे. व्युत्पत्ती कोणाच्याही मताने बदलत नाही. रूढी मात्र बोलणाऱ्यांच्या संमतीवरच उभी असते.

४

ही संमती घडते कोठे? होम्सच्या वाचकांची मंडळे लहान व बहुतांशी विद्वज्जनांची होती. आजच्या अर्थाने अनुकथांचा समुदाय उभा राहिला तो अमेरिकेत, 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी मालिकेभोवती. ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली. ती चालू असतानाच, १९६७ मध्ये, 'स्पॉकॅनेलिया' हे तिच्या चाहत्यांचे चक्रमुद्रित नियतकालिक न्यूयॉर्कमध्ये निघाले. अशा नियतकालिकांना 'फॅनझिन' म्हणत. ती घरी छापली जात, टपालाने पाठविली जात, आणि कथांइतकीच जागा त्यांत वाचकांच्या पत्रांना मिळे. लिहिणाऱ्यांत व वाचणाऱ्यांत स्त्रिया बहुसंख्य होत्या, आणि आजची लेखिका ही उद्याची टीकाकार असे.

या परस्परव्यवहारातून टीकेची एक स्वतंत्र परिभाषाच जन्मास आली. १९७३ मध्ये पॉला स्मिथ हिने एक अगदी छोटी विडंबनकथा प्रसिद्ध केली. तिची नायिका मेरी सू ही साडेपंधरा वर्षांची, ताफ्यातील सर्वांत तरुण अधिकारी; तिच्यावर सगळेच लुब्ध होतात आणि सगळी संकटे तीच निवारते. स्वतःचेच आदर्श रूप कथेत घुसविणाऱ्या नवशिक्या लेखनावर हा टोला होता. त्या कथेपासून 'मेरी सू' हे विशेषनाम सामान्यनाम झाले, जसे मराठीत नारद वा शकुनी झाले. परंतु पुढे या शब्दाचा धाक असा वाढला की, कर्तबगार स्त्रीपात्र निर्माण करावयास लेखिका कचरू लागल्या. आणि त्यावर समुदायातच आक्षेप घेतला गेला. शब्द निर्माण करणे, त्याचा अतिरेक करणे आणि मग त्या अतिरेकाची झाडाझडती घेणे, हे तिन्ही व्यापार एकाच वाचकवर्गाने केले. बाहेरच्या समीक्षकाने या लेखनाला 'टीकाशून्य' म्हणणे, हे त्याने ते वाचले नसल्याचेच गमक होय.

मूळकथेचे कर्तेही या संवादापासून अलिप्त राहिले नाहीत. १९७० नंतरच्या दशकात कर्क आणि स्पॉक या दोन नायकांचे नाते प्रेमाचे आहे असे कल्पिणाऱ्या अनुकथा निघू लागल्या. मालिकेचा निर्माता जीन रॉडनबेरी याने १९७९ मध्ये चित्रपटावरून जी कादंबरी लिहिली, तिच्या एका तळटीपेत स्पॉकच्या भाषेतील एक कल्पित शब्द येतो. त्याचा अर्थ मित्र असा असला तरी भाऊ आणि प्रियकर असेही त्याचे अर्थ संभवतात, असे तेथे नोंदविले आहे. वाचकांमधील वादाला एका अनेकार्थी शब्दाने दिलेले हे उत्तर होते. आणि वाद मिटविण्याऐवजी त्याने तो दीर्घायुषी केला.

याच कथांच्या निमित्ताने दोन नावांच्या मध्ये तिरपी रेघ देण्याचा संकेत दृढ झाला. आज दोन नावांमध्ये तिरपी रेघ असेल तर नाते प्रणयाचे, आणि 'आणि' या अर्थाचे जोडचिन्ह असेल तर ते स्नेहाचे, असे प्रत्येक वाचक जाणतो. समास सोडविताना विग्रहावरून नाते कळते. येथे विरामचिन्हावरून ते कळते.

छापील फॅनझिनांचा काळ मागे पडून हे लेखन संगणकाच्या जाळ्यावर आले तरी संकेतांची ही यंत्रणा लोप पावली नाही; उलट ती विस्तारली. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हा या लेखनाचा मोठा जालीय संग्रह २००९ मध्ये वाचकांस खुला झाला. तो स्वयंसेवकांच्या श्रमावर व देणग्यांवर चालतो, आणि त्यात जाहिराती नाहीत. तेथे प्रत्येक कथेच्या आरंभी एक शीर्षटीप असते: मूळकथा कोणती, पात्रे कोणती, त्यांचे नाते काय, हिंसा किंवा प्रमुख पात्राचा मृत्यू यांसारखी सूचना द्यावयाची की देण्याचे नाकारावयाचे, आणि त्यांखेरीज लेखकाने आपल्या शब्दांत दिलेल्या खुणा, ज्यांना 'टॅग' म्हणतात. एकाच गोष्टीला शंभर लेखक शंभर शब्द वापरतात. तेव्हा स्वयंसेवकांचा एक वर्ग या खुणा वाचून समानार्थी खुणांचा संबंध एका मान्य खुणेशी जोडून देतो. परंतु लेखकाने लिहिलेला शब्द कथेच्या माथ्यावर जसाच्या तसा राहतो. कोशकाराने प्रमाणरूप द्यावे आणि बोलीरूप पुसू नये, हा कोशरचनेतील आदर्श येथे वेतनावाचून काम करणारी माणसे पाळीत आहेत. २०१९ मध्ये विज्ञानकथाक्षेत्रातील ह्यूगो पुरस्कार या संग्रहाला मिळाला, तो त्यातील एखाद्या कथेला नव्हे, संग्रहाला मिळाला. मूल्यमापनाचे एकक कोणते धरावे, या प्रश्नाचे एक उत्तर त्या निर्णयात सूचित झाले आहे.

५

येथपर्यंत अनुकथेचे स्वरूप पाहिले. आता तिच्या परीक्षणाचे साधन कोणते, हा प्रश्न उरतो. भाषाशास्त्रात एखादा ध्वनी अर्थभेदक आहे की नाही हे ठरविण्यासाठी त्याच्या जागी दुसरा ध्वनी ठेवून पाहतात. 'काळ' मधील 'क' काढून 'ग' घातला तर 'गाळ' होतो, अर्थ बदलतो. म्हणून मराठीत 'क' आणि 'ग' हे भिन्न वर्ण होत. हीच रीत अनुकथेला लावता येते. कथेतील ज्ञात नावे काढून तेथे अपरिचित नावे ठेवावी आणि काय हरवले ते पाहावे. याला नामबदलाची कसोटी म्हणता येईल.

ही कसोटी एकदा प्रत्यक्ष बाजारातच घेतली गेली. 'ट्वायलाइट' या कादंबरीमालेवरील 'मास्टर ऑफ द युनिव्हर्स' ही अनुकथा तिच्या लेखिकेने टोपणनावाने प्रकरणशः प्रसिद्ध केली होती. पुढे एडवर्ड व बेला ही नावे बदलून ख्रिश्चन व अ‍ॅनास्टेशिया अशी करण्यात आली, आणि २०११ मध्ये ती ई. एल. जेम्स या नावावर 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' ही कादंबरी म्हणून बाहेर पडली. तिचा खप अफाट झाला. नावे बदलून कथा टिकली, एवढेच नव्हे तर ती कोट्यवधी अशा वाचकांपर्यंत गेली की ज्यांना मूळकथेशी कर्तव्य नव्हते. याचे कारण कथेतच सापडते. अनुकथेच्या अवस्थेतच एडवर्ड रक्तपिपासू अमर पुरुष राहिलेला नव्हता. तो धनाढ्य उद्योगपती झालेला होता. मूळकथेची जी गृहीते त्या नावात साठली होती त्यांतील मुख्य गृहीत लेखिकेने आधीच सोडून दिले होते. नाव तेवढे उरले होते. ते काढणे अवघड गेले नाही.

याच्या उलट टोकाला एक थोर कादंबरी आहे. जीन ऱ्हिस हिची 'वाइड सारगासो सी' (१९६६) ही शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर' (१८४७) मधील माळ्यावर कोंडलेल्या वेड्या पत्नीची पूर्वकथा. ऱ्हिस ही वेस्ट इंडीजमधील डॉमिनिका बेटावर जन्मली होती. मूळकथेत वेस्ट इंडीजहून आणलेल्या त्या स्त्रीचे मौन तिला खुपले. ती व्यवसायाने लेखिका, आणि तिची कादंबरी कोणत्याही चाहत्यांच्या समुदायातून आलेली नाही. म्हणून या निबंधाच्या अर्थाने ती अनुकथा नव्हे. पण नामबदलाच्या कसोटीवर तिच्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. तिच्यात रॉचेस्टरचे नाव एकदाही येत नाही. तरी वाचक त्याला ओळखतो. नायिकेचे नाव आंत्वानेत आहे, आणि नवरा तिला हट्टाने बर्था म्हणू लागतो. 'जेन एअर' वाचलेल्या माणसाला त्या एका हाकेत पुढचा कोंडवाडा व आग दिसू लागते. न वाचलेल्याला एक तऱ्हेवाईक नवरा दिसतो. नाव बदलणे हाच येथे अत्याचार आहे, आणि तो कळण्याची किल्ली कादंबरीबाहेर आहे. स्वयंपूर्णतेच्या आग्रही समीक्षकाला ही कादंबरी सदोष म्हणावी लागेल, किंवा आपला आग्रह सोडावा लागेल.

कसोटीवर एक आक्षेप संभवतो. असंख्य अनुकथांत पात्रांना त्यांच्या जगातून उचलून भलत्याच जगात नेलेले असते. गुप्तहेर कॉफीच्या दुकानात नोकरी करतो, सेनापती शाळेत शिकवितो. तेथे नावाखेरीज काय उरले? उत्तर असे की, नाव म्हणजे केवळ खूण नव्हे. त्याच्यासोबत स्वभाव आणि दोन पात्रांतील तोल येतो. दुसऱ्या दुकानदाराचे गुपित त्याच्या बाहीवरील डागावरून ओळखणारा होम्स आणि ते ऐकून संकोचणारा वॉटसन, ही जोडी दुकानातही होम्स-वॉटसनच असते. तोल राखला असेल तर नावे बदलताच कथेचा आनंद निम्मा होईल. राखला नसेल तर नावे बदलल्याचे कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणजे कसोटी येथेही निरुपयोगी ठरत नाही.

तथापि तिची मर्यादा सांगितली पाहिजे. नामबदलाने कथेची जात कळते, योग्यता कळत नाही. जी कथा नावे काढताच कोसळते ती श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढणे चूक होईल. मूळकथेतील विनोदांची नुसती उजळणी करणारी कथाही कोसळेलच. योग्यतेचा प्रश्न यानंतर सुरू होतो: ज्ञाताकडून या कथेने कोणते नवीन वदवून घेतले? वॉटसनच्या दोन जखमांची बेरीज करणारी कथा केवळ चतुर असू शकते. युद्धाहून परतलेल्या माणसाचे शरीर त्याच्या मनाची साक्ष कशी देते, हे त्या दोन जखमांवरून दाखविणारी कथा मूळकथेच्याच वाक्यांना नवा अर्थ देते. पुन्हा मूळकथेकडे वळल्यावर ती जर वाचकाला निराळी दिसली, तर अनुकथेने आपले काम केले.

६

आरंभी उल्लेखिलेल्या दुसऱ्या मताचा, म्हणजे पुराणकथांशी लावलेल्या नात्याचा, विचार आता करता येईल. धनंजयाच्या 'दशरूपका'त नाट्यवस्तूचे प्रख्यात, उत्पाद्य आणि मिश्र असे भेद सांगितले आहेत. प्रख्यात वस्तू इतिहासपुराणांतून आलेली, उत्पाद्य कवीने कल्पिलेली. भवभूतीने 'उत्तररामचरिता'त प्रख्यात वस्तूच घेतली, पण राम व सीता यांचे अखेरीस पुनर्मीलन घडविले. ज्ञाताचा उपयोग आणि दुःखद शेवटाला दिलेला नकार, या दोन्ही बाबतींत त्याचे अनुकथांशी साम्य आहे, हे मान्य केले पाहिजे.

परंतु दोन भेद दृष्टीआड करून चालणार नाही. एक, प्रख्यात वस्तूला मालक नसतो. रामकथा कोणाची, हा प्रश्न मोरोपंतांना पडण्याचे कारणच नव्हते. अनुकथा मात्र अशा काळात जन्मते की जेव्हा कथेला मालक असतो, तिचा पाठ निश्चित असतो, आणि 'मूळ' कोणते याविषयी कायदाही बोलतो. हेन्री जेनकिन्स याने १९९२ मधील आपल्या ग्रंथात चाहत्यांना दुसऱ्याच्या रानात चोरून शिकार करणाऱ्यांची उपमा दिली, ती या मालकीच्या जाणिवेमुळेच. उत्पाद्य वस्तू वाचकांच्या प्रेमाने प्रख्यात होऊ पाहते, पण तिच्याभोवतीचे कुंपण कायम असते. अनुकथेचा सारा ताण या मधल्या अवस्थेचा आहे. दोन, प्रख्यात वस्तूचे ज्ञान कीर्तनाला बसलेल्या सर्वांना असते, तेथे शीर्षटीप लागत नाही. अनुकथेचा श्रोतृवर्ग जन्माने वा गावाने एकत्र आलेला नसतो. तो आवडीने एकत्र येतो. म्हणून आपण काय गृहीत धरतो ते त्याला प्रत्येक वेळी लिहून सांगावे लागते. खुणांची ती दीर्घ यादी बाहेरच्याला हास्यास्पद वाटते. वस्तुतः ती विखुरलेल्या माणसांनी उभारलेली परंपरा आहे, आणि परंपरेचे जे काम अन्यत्र बालपण करते ते येथे त्या यादीला करावे लागते.

या व्यवस्थेचे दोषही तिच्यातूनच निघतात. शेवट आधीच खुणेत सांगितल्यावर कथेची अनपेक्षितता उणावते. आवडत्या जोडीच्याच कथा शोधणारा वाचक बाकीच्या कथांकडे फिरकत नाही. लेखकही मागणीप्रमाणे त्याच भावनेची आवृत्ती काढीत राहतो. स्नेहसंबंधामुळे अभिप्राय गोड होतात आणि सुधारणा थांबते. छपाईपूर्वी कथा वाचून दोष दाखविणाऱ्या पूर्ववाचकाची, ज्याला 'बीटा रीडर' म्हणतात त्याची, प्रथा या दोषावरचा समुदायातीलच उपाय आहे. तो सर्वत्र योजला जात नाही, हे उघड आहे. अर्धवट सोडलेल्या कथांचेही प्रमाण दुर्लक्षणीय नाही. समीक्षकाने हे दोष दाखविले पाहिजेत. परंतु ते या लेखनाच्या रीतीतून आलेले दोष म्हणून दाखविले पाहिजेत, परावलंबनाचे पाप म्हणून नव्हे.

७

या विवेचनातून अभ्यासकाच्या कर्तव्याविषयी एक निष्कर्ष निघतो. अनुकथेचा अर्थ मूळकथा, शीर्षटीप, पूर्वीच्या अनुकथा आणि वाचकांचे अभिप्राय यांत विभागलेला असेल, तर केवळ कथेची संहिता जपणे म्हणजे ती जपणे नव्हे. हा प्रश्न काल्पनिक नाही. २००९ मध्ये जिओसिटीज ही सेवा अमेरिकेत बंद झाली तेव्हा तेथील चाहत्यांची पुष्कळ लहान लहान संकलने नाहीशी होण्याच्या मार्गाला लागली. अशी संकलने जपण्यासाठी चाहत्यांनीच उपक्रम चालविले. परंतु एका जागेहून दुसऱ्या जागी कथा नेता येतात, त्यांच्याभोवतीचे संभाषण बहुधा नेता येत नाही. 'फिफ्टी शेड्स'ची छापील प्रत जगभर मिळते. तिच्या पहिल्या वाचकांनी प्रकरणामागून प्रकरण वाचताना काय म्हटले, कोठे हरकत घेतली, याचा त्या प्रतीत मागमूस नाही. प्राचीन ग्रंथाचा पाठ मिळावा आणि त्याच्या टीका व समासांतील नोंदी गहाळ व्हाव्या, तशी ही हानी आहे.

मराठी विद्यापीठीय अभ्यासात संहितेच्या संपादनाची परंपरा जुनी व कसदार आहे. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांसाठी जो काटेकोरपणा तिने दाखविला, त्याचा काही अंश मराठी वाचक आज इंग्रजीत वा मराठीत जे अनुलेखन करीत असतील त्याच्या नोंदीकडे वळविणे अशक्य नाही. मात्र ती नोंद करताना कथा कोणासाठी लिहिली, तिने काय गृहीत धरले आणि वाचणाऱ्यांनी तिला काय उत्तर दिले, हे तिच्यापासून तोडून चालणार नाही. 'त्या राजा'ची गोष्ट नीट कळावयाची असेल तर 'तो' म्हणताच ज्यांनी माना डोलावल्या त्यांचीही दखल घेतली पाहिजे.